जन्माचे सार्थक : खाडीकाठच्या एका प्रश्नाचा इतिहास

गेल्या आषाढातल्या एका शनिवारी डोंबिवलीतल्या आमच्या वाचनकट्ट्यावर माझे भाषण होते. विषय मीच निवडला होता : ‘जीवनाचा अर्थ – सॉक्रेटिसपासून कामूपर्यंत’. ठाण्याच्या शाळेत तेहतीस वर्षे इतिहास शिकवल्यामुळे सनावळ्या तोंडपाठ असतात, नावे भराभर येतात. तासाभरात मी अडीच हजार वर्षे उरकली. टाळ्या झाल्या, चहा झाला. बाहेर पाऊस कोसळत होता. जिन्यात छत्री उघडताना कट्ट्यावरचे एक ज्येष्ठ स्नेही माझ्याजवळ थांबले. वय शहात्तर. चैत्रात त्यांच्या पत्नी गेल्या होत्या. तेव्हापासून ते कट्ट्यावर येत, पण पुस्तक घरी नेत नसत.

“मास्तर,” ते म्हणाले, “ही सगळी तिकडची माणसं झाली. आपल्याकडे कुणाला हा प्रश्न पडलाच नाही का? आणि पडला असेल, तर सकाळी उठून एकट्यापुरता चहा गाळताना त्यानं काय केलं?”

मी चार पुरुषार्थांचे उत्तर दिले. धर्म, अर्थ, काम, मोक्ष. त्यांनी सभ्यपणे मान हलवली आणि ते निघून गेले. विद्यार्थ्याला उत्तर पटले नाही तरी तो अशीच मान हलवतो, हे मला अनुभवाने ठाऊक होते. तो दिवस मनाला लागून राहिला. पुढचे वर्षभर ठाण्या-कल्याणच्या ग्रंथालयांत बसून जे वाचले, त्यातून हा लेख झाला आहे. त्यांचा प्रश्न मी शब्दशः घेतला : आपल्याकडे, म्हणजे याच खाडीच्या आसपास आणि याच भाषेत, माणसांनी या प्रश्नाचे काय केले?

अर्थ आणि सार्थक

सुरुवात शब्दापासून करावी लागते. ‘जीवनाचा अर्थ’ हा शब्दप्रयोग आपल्याला सनातन वाटतो, पण युरोपातही तो फार जुना नाही. अॅरिस्टॉटलने माणसाचे परम श्रेय कोणते असे विचारले होते. आयुष्याचा ‘अर्थ’ विचारला नव्हता. अर्थ हा शब्दाला असतो, वाक्याला असतो. तो आयुष्याला जोडण्याची रीत जर्मन लेखकांत अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागते आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत रुजते. जगाच्या मागे ते लिहिणारा कुणीतरी आहे ही खात्री डळमळू लागली, त्याच काळात या मजकुराचा अर्थ काय, असे लोक विचारू लागले.

मराठीत याहून जुना आणि घरगुती शब्द आहे : सार्थक. ‘जन्माचं सार्थक झालं’ हे वाक्य आपल्या आज्यांनी पंढरपूरहून परतताना म्हटले आहे, नातवाचे बारसे झाल्यावरही म्हटले आहे. या शब्दाचे क्रियापद पाहावे. अर्थ ‘असतो’, ‘लागतो’, ‘कळतो’. म्हणजे तो आधीच कुठेतरी आहे, फक्त शोधायचा आहे. सार्थक मात्र ‘होते’ किंवा ‘करावे लागते’. समर्थांनी ‘दासबोधा’च्या पहिल्याच दशकात नरदेहाच्या स्तवनासाठी एक पूर्ण समास दिला आहे. हा देह सत्कारणी लावला तर सार्थक, नाहीतर तो वाया जातो, अशी ती मांडणी आहे. या एका शब्दाचे बोट धरून मागे जायचे ठरवले, तर आपल्या परिसरात दोन हजार वर्षांहून अधिक मागे जाता येते.

सोपाऱ्याचा दगड, कान्हेरीचे पाणी

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात एक फुटका दगड सापडला. सोपारे आज पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. त्या दगडावर अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा होता. पुढे १९५६ मध्ये तिथेच नवव्या लेखाचाही भाग मिळाला. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातले हे लेख आपल्या विषयाशी नेमके भिडतात.

आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे मृगयेसारख्या करमणुकीच्या यात्रांना जात. आपण मात्र धर्मयात्रा सुरू केल्या. साधूंची भेट, वृद्धांना दान, गावोगावच्या लोकांशी बोलणे यांत आपल्याला अधिक आनंद मिळतो, असे तो नोंदवतो. नवव्या लेखात आजारपण, लग्न, प्रवास अशा प्रसंगी लोक करतात त्या मंगलविधींचा विचार आहे. खरे मंगल कोणते, तर नोकराचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांविषयी संयम. सोपारे हे गजबजलेले बंदर होते. तिथे उतरणाऱ्या व्यापाऱ्याला राजा मोक्षाचे तत्त्वज्ञान न सांगता घरातल्या नोकराशी कसे वागावे हे सांगत होता.

त्या सांगण्याचा परिणाम किती झाला हे मोजता येत नाही. पण तीन-चार शतकांनंतर याच भागातल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी काय केले, हे कान्हेरीच्या लेण्यांत कोरून ठेवलेले आहे. येऊरच्या बाजूने ठाण्याला लागून असलेल्या त्याच जंगलात, बोरिवलीच्या अंगाला, ही शंभरावर लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लिपीतल्या, प्राकृत भाषेतल्या दानलेखांत ‘कल्याण’ हे नाव पुन्हा पुन्हा येते. ग्रीक नाविकांच्या ‘पेरिप्लस’मध्ये उल्लेखलेले हेच ते कल्याण बंदर. दानकर्त्यांत व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, कारागीर आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके, दान दिले आहे.

त्या टाक्यांशी मी उभा राहिलो तेव्हा माझ्या स्नेह्यांचा प्रश्न डोक्यात होता. सोनाराचे हात आयुष्यभर गुंजा-माशांच्या हिशेबात गेलेले. बुद्धाने दुःखाचे मूळ तृष्णेत सांगितले, आणि या माणसाने इतरांची तहान भागेल अशी सोय केली. त्या काळच्या दानलेखांत आईवडिलांच्या पुण्याचा आणि सर्व जीवांच्या हितसुखाचा उल्लेख करण्याची रीत होती. पुण्य आपण कमवायचे आणि वाटून टाकायचे. त्याने ‘अर्थ’ शोधला की नाही, माहीत नाही. टाके मात्र खोदवून घेतले. पावसाळ्यात ती टाकी आजही भरतात.

गृहस्थाची बाजू

यानंतरचा मोठा साक्षीदार ठाण्याचाच आहे. बाराव्या शतकात उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते आणि स्थानक म्हणजे ठाणे हे त्यांचे प्रमुख नगर होते. त्यांच्यातल्या अपरादित्य राजाच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही प्रचंड टीका आहे. त्याने काश्मीरच्या विद्वत्सभेत तेजकंठ नावाचा पंडित पाठवल्याचा उल्लेख मंखाच्या ‘श्रीकंठचरिता’त येतो. आज तलावपाळीला भेळ खाताना आपल्या मनातही येत नाही की या गावाचा बोलबाला एकेकाळी काश्मीरपर्यंत गेला होता.

याज्ञवल्क्यस्मृतीत वारसाहक्क, कर्ज, साक्षीपुरावा असा रोकडा व्यवहार आहे. त्याच ग्रंथात एक महत्त्वाचे विधान आहे : न्यायाने धन मिळवणारा, तत्त्वज्ञानावर निष्ठा असलेला, अतिथीचे स्वागत करणारा, पितरांचे स्मरण ठेवणारा आणि खरे बोलणारा गृहस्थसुद्धा मुक्त होतो. यातला ‘सुद्धा’ महत्त्वाचा. मुक्तीसाठी घर सोडलेच पाहिजे या मताशी घर न सोडणाऱ्याचा हा युक्तिवाद आहे. ज्याला राज्य चालवायचे होते त्या राजाने भाष्यासाठी हाच ग्रंथ निवडला, याचे मला नवल वाटत नाही.

संतांनी हा वाद आणखी पुढे नेला. ज्ञानदेवांनी १२९० मध्ये गीता मराठीत आणली, तेव्हा संस्कृत न जाणणाऱ्यालाही या प्रश्नाशी झगडण्याचा अधिकार मिळाला. तुकोबांची भूमिका तर धाडसी आहे. मोक्ष हेच अंतिम ध्येय मानणाऱ्या परंपरेत राहून ते मोक्ष बाजूला सारतात आणि नामाची गोडी व संतांची संगत मिळणार असेल तर पुन्हा जन्म घालण्यास देवाला खुशाल सांगतात. जन्म ही सुटका करून घेण्याची शिक्षा नसून पुन्हा मागून घ्यावी अशी गोष्ट आहे, एवढा मोठा बदल त्यात आहे.

कल्याणची यमुना

एकोणिसाव्या शतकात प्रश्नाचा सूर पालटतो. १८६४ मध्ये कल्याणला सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्टखात्यातल्या गोपाळराव जोशींशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि अवघ्या काही दिवसांत योग्य उपचारांअभावी गेला.

अशा दुःखाला त्या काळी तयार उत्तरे होती : प्रारब्ध, पूर्वकर्म, देवाची इच्छा. आनंदीबाईंनी त्या दुःखातून व्यावहारिक प्रश्न काढला : स्त्रियांना तपासायला स्त्री डॉक्टर का नाही? फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या, महाविद्यालयात भाषण करून त्यांनी आपण अमेरिकेला का जाणार हे जाहीरपणे सांगितले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक ठरली, पण क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

सार्थकाच्या कल्पनेची खरी कसोटी इथे लागते. ज्या कामासाठी सगळे सोसले, ते एक दिवसही करायला मिळाले नाही. मग हे आयुष्य वाया गेले का? तसे म्हणायला मराठी माणसाची जीभ रेटत नाही, आणि त्याचे कारण भाबडेपणा नाही. दोनच वर्षांत, १८८९ मध्ये, काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. एका स्त्रीने दुसरीचे आयुष्य लिहून ठेवले आणि ते तिसरीच्या हाती गेले. सार्थक हे हाती घेतलेले काम पुरे होण्यावरच अवलंबून नसते. कधी कधी त्याचा पुढचा भाग दुसऱ्याच्या घरात घडतो.

दोन मित्र आणि एक राजपुत्र

आनंदीबाई बोटीत बसल्या त्याच १८८३ साली गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ते मराठी रूपांतर. त्याच्या आदल्या वर्षी, कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात, आगरकर आणि टिळक दोघेही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले होते.

हॅम्लेट हा नाटकातला राजपुत्र जगावे की मरावे असा प्रश्न उघडपणे विचारतो. परलोकाच्या भीतीचाही हिशेब मांडतो. आगरकरांना तो का ओढून घेत असेल याचा मी बराच विचार केला. देव आणि परलोक यांविषयी खात्रीने काही सांगता येत नाही, अशी आगरकरांची भूमिका होती. मग सार्थक कशाच्या बळावर? त्यांचे उत्तर त्यांनी आईला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात आहे. मुलगा मोठ्या परीक्षा पास झाला, आता मोठा पगार येईल, अशी आस लावून बसलेल्या त्या माउलीला त्यांनी कळवले की विशेष संपत्तीची हाव न धरता पोटापुरत्या पैशावर समाधान मानून आपण सर्व वेळ परहितासाठी घालवणार. ते वाचून आईला काय वाटले असेल? इतिहासकार या पत्राचे कौतुक करतात. मला मात्र ते पत्र हातात घेतलेली आई दिसते. तत्त्वासाठी जगणाऱ्याची किंमत त्याच्या घरचेही मोजतात. आगरकर १८९५ च्या जूनमध्ये गेले, चाळिशी न गाठता. तोवर दोघा मित्रांचे मार्ग केव्हाच वेगळे झाले होते.

आता पंधरा वर्षे पुढे जाऊ. १९१० च्या एप्रिलची १९ तारीख, स्थळ ठाण्याचा तुरुंग. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तिथे फाशी देण्यात आले. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचे होते. जॅक्सन संस्कृतचे जाणकार म्हणून ओळखले जात. आपले मरण सार्थकी लागावे म्हणून दुसऱ्याचा प्राण घेता येतो का, हा कुरुक्षेत्रावरचा प्रश्न त्या दिवशी ठाण्यात प्रत्यक्ष उभा होता. माझ्या शाळेच्या वाटेवर तो तुरुंग लागे. मुलांना ती तारीख शिकवताना मी हा प्रश्न कधी शिकवला नाही, हे इथे कबूल करतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात, टिळकांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहायला घेतले. पाचेक महिन्यांत, मार्च १९११ अखेर, कच्चा खर्डा पुरा झाला. ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे दुसरे प्रकरण ‘कर्मजिज्ञासा’. अर्जुनासारखा पेच जगात इतरत्रही पडतो हे दाखवण्यासाठी टिळक तिथे आरंभीच उदाहरण देतात, आणि ते उदाहरण हॅम्लेटचे आहे.

ग्रंथालयात ते पान वाचताना मी थांबलो. पूर्वी दोनदा वाचले होते, पण ‘विकारविलसित’ शेजारी ठेवून कधी वाचले नव्हते. आपल्या मित्राने तारुण्यात ज्या राजपुत्राला मराठीत आणले, त्याच्याच कोंडीपासून टिळक आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथातली चर्चा सुरू करतात. त्यांना त्या वेळी आगरकर आठवले का, हे सांगायला पुरावा नाही आणि मी तसे म्हणणार नाही. पण प्रश्न एकच होता. एकाने ईश्वराशिवाय उत्तर दिले, दुसऱ्याने गीतेच्या आधाराने. मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन यांच्याशी वाद घालत टिळकांनी सिद्ध करू पाहिले की ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचे नाही. लोकसंग्रहासाठी, फळाची आसक्ती न धरता, ते करत राहायचे. दोघांची वाट जन्मभर वेगळी राहिली, भांडणही कडू झाले. पण आपल्यापुरते न पाहता लोकांसाठी झिजावे, या शेवटच्या ओळीवर दोघांचीही सही आहे.

मंडालेतली तार

एवढे टिपण झाल्यावर मला वाटले, उत्तर मिळाले. मग चहाचा कप आठवला.

खर्डा पुरा झाल्यानंतर सव्वा वर्षाने, जून १९१२ मध्ये, पुण्यात सत्यभामाबाई टिळक वारल्या. टिळकांना ते मंडालेत तारेने कळले. संकटे शांतपणे झेलण्याची सवय असलेल्या या माणसाने घरी लिहिलेल्या पत्रात, या धक्क्याने आपण फार हललो, अशी कबुली दिली. शेवटच्या वेळी जवळ नव्हतो याची खंतही व्यक्त केली. सुखदुःख समान मानावे यावर शेकडो पाने लिहून झाली होती. तरी ते हलले, आणि हललो म्हणून लिहिले.

यामुळे ‘गीतारहस्य’ खोटे ठरते असे काही म्हणतील. मला उलट वाटते. दुःख होऊ नये यासाठी तत्त्वज्ञान असते, हीच समजूत चूक आहे. त्यानंतर टिळकांनी तुरुंगातली उरलेली दोन वर्षे काढली, सुटून आले, ग्रंथ छापला, पुन्हा कामाला लागले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच गाठ वेगळ्या बाजूने सोडवली. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’च्या प्रास्ताविकात ते एक बोचरा प्रश्न विचारतात : जीवन, मरण, पुनर्जन्म सगळेच दुःख असेल तर माणसाला आशा कुठली? आणि बुद्धाचा धम्म इतका निराश असूच शकत नाही, अशी मांडणी करतात. माणसाने माणसाशी कसे वागावे हा त्यांच्या मते धम्माचा गाभा आहे. सोपाऱ्याच्या दगडावरचे घरातले नोकर आणि कान्हेरीचे टाके इथे पुन्हा दिसू लागतात. त्यांना जोडीला येते ती समतेची मागणी, जी अशोकाच्या लेखात नव्हती.

नाझी छळछावणीतून वाचलेल्या व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात म्हटले की आयुष्याचा अर्थ आपण विचारायचा नसतो. आयुष्यच आपल्याला रोज विचारते आणि आपण वागून उत्तर द्यायचे असते. आषाढातल्या भाषणात मी फ्रँकलला दोन मिनिटे दिली होती. आज वाटते, ज्या भाषेत सार्थक ‘करावे लागते’, तिच्या माणसाला हे सांगायला इतके दूर जावे लागले नसते.

कट्ट्यावर

१८९३ साली, वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले. मराठी ग्रंथ गोळा करून ठेवायचे, एवढाच त्यांचा हेतू. आपल्यामागे ही पुस्तके कोण वाचील, कोणत्या दुःखात वाचील, हे त्यांना कळणार नव्हते. तेही एक टाकेच.

या आषाढात मी हे टिपण कट्ट्यावर वाचून दाखवले. पूर्ण उत्तर मिळाले असे मी म्हटले नाही, मिळालेले नाहीही. ते स्नेही नेहमीच्या खुर्चीत, खिडकीशी बसले होते. मंडालेच्या तारेपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. वाचन संपल्यावर काही बोलले नाहीत. सगळे जिना उतरले तेव्हा मागे रेंगाळले. वाटले, पुन्हा मान हलवून जातील.

“मास्तर,” ते म्हणाले, “ते आगरकरांचं हॅम्लेट आपल्या वाचनालयात मिळेल का हो? दोन-चार दिवस घरी नेईन म्हणतो.”